नाताळचा नित्यनेम

१५९६ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी स्थापिलेले दादरचे साल्व्हेशन चर्च, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘पोर्तुगीज चर्च’, नाताळात भाविकांनी फुलून जाते. परंतु उत्सवातील भक्ती उत्सवाबरोबरच ओसरू नये, याची योजना कॅथलिक परंपरेने पूर्वीच करून ठेवली आहे.

सकाळी, दुपारी व सायंकाळी म्हणावयाची ‘अँजेलस’ ही प्रार्थना म्हणजे देवदूताने मरियेला दिलेला निरोप, तिने दिलेला होकार आणि देवाने धारण केलेला मानवदेह यांचे स्मरण. नाताळचाच आशय, परंतु नित्य त्रिवार! आम्हां कीर्तनकारांस येथे त्रिकाळ संध्येचे स्मरण होते. उपासना भिन्न, तत्त्वेही भिन्न. परंतु नेमाचे मर्म एकच. मन लागेल तेव्हा प्रार्थना करू, असे म्हणणाऱ्याचे मन क्वचितच लागते. नेम आधी, गोडी मागाहून.

संकटात हाक सारेच मारतात. नित्य हाक मारणाऱ्यास मात्र त्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. लोकलच्या गर्दीत वा चुलीपाशी, या प्रार्थनेस चार-दोन मिनिटे पुरतात. दारावरचा तारा उतरला, तरी हा नेम घरात राहावा, हीच आमची नाताळनिमित्त सदिच्छा.