लॅपटॉप निवडताना: वजन, वेग आणि सर्व्हिस

हलका, वेगवान आणि बिघडला तर लगेच दुरुस्त होणारा लॅपटॉप बेताच्या किमतीत क्वचितच मिळतो. त्यामुळे तडजोड कुठे चालेल, हे दुकानात जाण्याआधीच ठरवलेले बरे.

पुण्यात लॅपटॉप बहुतेक वेळ सॅकमध्ये असतो. कधी दुचाकीवर, कधी हिंजवडीच्या गर्दीच्या बसमध्ये. त्यामुळे वजन चार्जरसकट मोजावे. गेमिंगचा लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा, शिवाय त्याचा चार्जर अर्ध्या किलोच्या आसपास. 14 इंची पातळ मॉडेल साधारण दीड किलोत बसते आणि त्याचा टाइप-सी चार्जर मुठीत मावतो.

वेगाच्या बाबतीत नुसते ‘आय 7’ पाहून फसगत होते. इंटेलचे आय 7-1355यू आणि आय 7-13700एच हे दोन्ही तेराव्या पिढीचेच. पण पहिल्याची मूळ वीजमर्यादा 15 वॉट, दुसऱ्याची 45. ‘यू’ बॅटरी वाचवतो. ‘एच’ जड काम ओढतो, पण तापतो आणि त्याचा पंखाही ऐकू येतो. वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्याला ‘यू’ भरपूर झाला. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने मात्र सॉलिडवर्क्ससाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घ्यावा. हे सॉफ्टवेअर मॅकओएसवर थेट चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच 16 जीबी घेणे शहाणपणाचे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती सर्व्हिस, आणि परीक्षेच्या किंवा प्रोजेक्टच्या तोंडावर तीच आठवते. ‘ऑनसाइट’ वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येतो. ‘कॅरी-इन’मध्ये लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. साध्या वॉरंटीत पाणी गेल्याचे किंवा पडून फुटल्याचे नुकसान धरत नाहीत. जून ते सप्टेंबर दुचाकीवर फिरणाऱ्याने अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावेच. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून लॅपटॉप मागवण्याची रीत पुण्यात अनेक घरांत आहे. पण ती वॉरंटी भारतात लागू होते का, हे कंपनी आणि मॉडेलवर अवलंबून असते. ते आधी विचारावे.

जुना लॅपटॉप घेणाऱ्याने त्यावर विंडोज 11 चालते का, ते तपासावे, कारण विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नव्याचे जीएसटी बिल घेताना त्यावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या तळावरच्या नंबरशी जुळवावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीख दुकानातच पाहून घ्यावी.