'पेनलेस' लस : नावात काय आहे?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण जोडप्यानं विचारलं, "सर, बाळ दीड महिन्याचं होतंय. पेनलेस लस द्यायची की साधी?" आता मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मी काही डॉक्टर नव्हे. पण नातीच्या वेळी याच शब्दावरून आमच्या घरी दोन दिवस वाद चालला होता. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतलं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे हा शब्दच फसवा आहे. सुई दोन्हींत टोचतेच. फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या घटकात. साध्या लशीत त्या जंतूच्या मारलेल्या अख्ख्या पेशी असतात; 'पेनलेस'मध्ये त्यातली निवडक, शुद्ध केलेली प्रथिनं. म्हणून तिनं ताप आणि सूज कमी येते. हे खरंच आहे. पण संरक्षण? अमेरिका १९९०च्या दशकात या दुसऱ्या लशीकडे वळली. २०१० साली कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली आणि दहा तान्ही बाळं दगावली. त्यातली बहुतेक तर लस घेण्याच्या वयाचीही नव्हती. पुढं अभ्यासात दिसलं, की या लशीचं संरक्षण शाळकरी मुलांमध्ये वर्षागणिक झपाट्यानं ओसरतं. म्हणजे बघा, माझ्या बाळाची आजची रात्र शांत जावी म्हणून मी जे निवडतो, त्याचा संबंध उद्या शेजारच्या पाळण्याशीही येतो.

दोन्ही लशी मान्य आहेत. सरकारी केंद्रात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मोफत मिळणारी पेंटाव्हॅलंट ही अख्ख्या पेशींची. आम्ही तीच दिली. बाळाला आधी झटके आले असतील, तर मात्र निर्णय डॉक्टरांचा.

आता ताप. तो बहुधा पहिल्या दिवशी येतो आणि दोन दिवसांत उतरतो. अंगावर पाजत राहा, कपडे हलके ठेवा, सुजलेल्या मांडीवर गार पाण्याची घडी ठेवा, चोळू नका. ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल देऊन ठेवू नका. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि बाटली नीट वाचा हो! ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, नेहमीच्या सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये २५च्या आसपास. सिरपच्या मापानं ड्रॉप्स दिले तर चौपट डोस जातो. त्या रात्री चष्म्याशिवाय मी तेच करणार होतो. सूनबाईनं हात धरला.

बाळ तीन तासांहून जास्त सलग रडलं, झटका आला, अंग लुळं पडलं, दूध ओढेना, किंवा ताप दोन दिवसांपुढे गेला, तर घरी थांबू नका. श्वास लागणं, चेहरा सुजणं हे टोचल्यावर लगेच होऊ शकतं, म्हणून अर्धा तास केंद्रातच बसायचं.

बीसीजीची गोष्ट उलटी. तिची पुळी काही आठवड्यांनी येते, पिकते, फुटते. घाबरून हळद-तूप लावतात. काही लावायचं नाही. गोवर-रुबेलाचा ताप आठवड्याभरानं येतो, तेव्हा लस दिली होती हेच लोक विसरलेले असतात.

हं, मागून कुणीतरी हात वर केलाय. बोला.