पाणबुड्याचा मोजा का गळतो?

गोव्याच्या किनाऱ्यालगत ग्रँड बेटाच्या आसपास जे हौशी पाणबुडे बुडी मारतात, त्यांना मी आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती कदाचित पाहावयासही मिळाली नसेल. तेथील पाणी कोमट असते. अंगात रबराचा एक पातळ पोशाख चढविला की काम भागते, आणि तो आतून भिजला तरी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे व त्याच्या मधोमध स्कापा फ्लो हे विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे स्थानबद्ध करून ठेवलेल्या जर्मन आरमाराने २१ जून १९१९ रोजी आपली जहाजे आपल्याच हातांनी बुडविली. चौऱ्याहत्तरांपैकी बावन्न जहाजे तळाला गेली. पुढे त्यांतील बहुतेक वर काढून मोडीत निघाली. तीन मोठ्या युद्धनौका व चार क्रूझर मात्र अद्याप तेथेच पडून आहेत, आणि त्यांच्या दर्शनासाठी देशोदेशींचे पाणबुडे तेथे जातात. तेथील पाण्याचे उष्णमान हिवाळ्याच्या अखेरीस सहा-सात अंश सेंटिग्रेड आणि उन्हाळा सरताना फार तर तेरा-चौदा अंश असते. जहाजे पंचवीसपासून पंचेचाळीस मीटरपर्यंत खोल. अशा पाण्यात तासभर राहावयाचे तर अंग कोरडे राहिले पाहिजे. त्यासाठी जो पोशाख वापरतात त्याला ड्रायसूट म्हणतात. आणि या पोशाखातील वारंवार दगा देणाऱ्या ज्या दोन-चार जागा आहेत, त्यांपैकी एक म्हणजे त्याचे मोजे.

मोजे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लोकरीचे विणलेले मोजे येतील. हे मोजे तसे नव्हेत. ते पोशाखाच्या पायाला कायमचे जोडलेले असतात व पाण्याला आत येऊ देत नाहीत. लोकरीचे मोजे त्यांच्या आत असतात, आणि बाहेरून कठीण तळव्याचा बूट चढवितात. बुटावर फिन म्हणतात ते रबरी पंख येतात. काही पोशाखांना बूटच जोडलेला असतो. परंतु सुटा बूट पायाला नेमका बसविता येतो आणि झिजला तर बदलता येतो, म्हणून पुष्कळांची पसंती मोज्यालाच असते. हे मोजे तीन प्रकारचे असतात. एक निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसाचे. दुसरे शुद्ध लॅटेक्सचे, फुग्यासारखे पातळ. आणि तिसरे पोशाखाच्याच कापडाचे. हे कापड म्हणजे दोन वस्त्रांच्या मध्ये रबराचा पातळ थर. युक्ती जुनीच आहे. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले, आणि ऑगस्टस सीबे याच्या प्रसिद्ध शिरस्त्राणधारी पोशाखातही असेच रबरी वस्त्र असे. तो जुना पाणबुड्या मात्र शिशाच्या तळव्यांचे जड बूट घालून तळावर चालत असे. आजचा पाणबुड्या पोहतो. पंख मारताना त्याचा घोटा एकसारखा हलत असतो, आणि प्रत्येक फटकाऱ्यागणिक मोजा बुटाला थोडा घासतो.

एवढ्याशा मोज्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तर त्याचे काय मोठेसे, असे कोणाला वाटेल. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीने अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. ड्रायसूटमधली ऊब असते ती आतल्या लोकरी वस्त्रांनी धरून ठेवलेल्या हवेची. लोकर भिजली की हवा गेली आणि ऊबही गेली. शिवाय खोल पाण्यातून वर येताना पाणबुड्याला वाटेत ठरावीक ठिकाणी थांबावे लागते, कारण खाली असताना रक्तात व मांसात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावयास हवा. शरीर थंडीने आखडले की रक्ताभिसरण मंदावते, नायट्रोजन बाहेर पडण्यास विलंब होतो व सांध्यांच्या आणि मज्जातंतूंच्या त्या कुप्रसिद्ध विकाराचा धोका वाढतो. म्हणजे जेथे निमूटपणे थांबणे अत्यावश्यक, नेमके तेथेच पाय बधिर झालेला मनुष्य वर निघण्याची घाई करू लागतो.

तथापि मोज्यावर आरोप ठेवण्यापूर्वी थोडी चौकशी केली पाहिजे. पाण्याचा स्वभाव खाली जाण्याचा. मानेशी वा मनगटाशी असलेली रबरी पट्टी नीट बसली नसेल, किंवा छातीवरची चेन पुरती लागली नसेल, तर तेथून शिरलेले पाणी ओघळत शेवटी पायांतच साचते. छप्पर गळते एका जागी आणि भिंत ओली होते दुसऱ्या जागी, हा अनुभव पावसाळ्यात आपणा सर्वांना आहे. त्यातही दोन्ही पाय सारखेच दमट निघाले तर तो बहुधा घाम असतो. थंड कापडाला तो आतून दवासारखा जमतो. एकच पाय ओला, वरची वस्त्रे कोरडी, असे दिसले तर मात्र मोजा संशयास पात्र.

परीक्षा सोपी आहे. पोशाख उलटा-सुलटा न करता टांगावा, पाय कोरडा करून त्यात घोट्याच्या वरपर्यंत पाणी भरावे आणि बाहेरून थेंब कोठे फुटतो ते पाहावे. दुसरी रीत सायकलच्या दुकानातली. मनगटांच्या पट्ट्यांत बाटल्या व मानेच्या पट्टीत चेंडू बसवून, चेन लावून पोशाखात हवा भरावयाची आणि साबणाचे पाणी फासावयाचे. छिद्र असेल तेथे बुडबुडे येतात. निओप्रीनच्या मोज्याबाबतीत मात्र एक कावा ध्यानात ठेवावा. त्याला दोन्ही अंगांनी वस्त्राचे अस्तर असते, आणि एका बाजूने शिरलेले पाणी अस्तराखालून चार बोटे सरकून भलतीकडेच प्रकट होते. बाहेर थेंब दिसला तेथेच गोंद लावून मोकळे होणारे लोक मग गोंदाला दोष देतात.

आता मुख्य प्रश्न असा की, ज्या पोशाखाचे बाकीचे कापड दहा-दहा वर्षे टिकू शकते, त्याचा मोजा दोन वर्षांत का जावा? माझ्या मते निम्म्याहून अधिक दोष वाळूचा आहे. पाणबुड्या किनाऱ्यावर वा मोटारतळाच्या खडीवर उभा राहून पोशाख चढवितो. ओल्या मोज्याला वाळूचे कण चिकटतात, त्यावरच बूट चढतो, आणि ते कण दोन्हींच्या मध्ये अडकतात. वहाणेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबून तो झटकतो. येथे पायाला तो जाणवतही नाही, कारण मध्ये जाड लोकर आहे. मग तासभर तो कण सहाणेवरच्या दगडासारखा काम करीत राहतो. भर म्हणजे, घरी आल्यावर लोक पोशाख गोड्या पाण्याने आस्थेने धुतात आणि बूट तसेच कोपऱ्यात फेकतात. बुटात खारे पाणी आटते, मिठाचे खडे उरतात, आतल्या पट्टीखाली वाळू साठते. पुढच्या खेपेस स्वच्छ मोजा त्या कानशीत जातो. बूट आतून धुणे, आतली पट्टी काढून झटकणे आणि पोशाख चढविताना पायाखाली एखादे जाजम अंथरणे, एवढ्याने मोज्याचे आयुष्य किती वाढते हे करून पाहणाऱ्यालाच कळेल.

उरलेला मोठा दोष मापाचा. मोजा पायाहून मोठा असेल तर त्याला घडी पडते. आता पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पोशाखातली हवा मानेकडे चढते आणि पाय सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत अधिक दाबाखाली असतात. तो दाब त्या घडीला इस्त्रीसारखा दाबून टाकतो. कागदाची तीच घडी पुनःपुन्हा मोडली की कागद तेथे फाटतो. रबराचा थरही तसाच घडीच्या कडेवर आधी तडकतो. त्यामुळे टाचेच्या मागे किंवा घोट्यापुढे सरळ रेषेत दोन-तीन छिद्रे दिसली, तर तो घडीचा पराक्रम समजावा. उलट मोजा तोकडा असेल तर अंगठ्यापाशी शिवण ताणली जाते. पुष्कळदा यात मोजा निर्दोष असून पोशाखाची तंगडीच आखूड असते: गुडघे मोडून बसले की कापड वर ओढले जाते व सारा ताण बोटांवर येतो. पोशाख घेताना त्यात उकिडवे बसून पाहावे, असे जाणते शिंपी सांगतात ते यासाठीच.

निओप्रीनच्या बाबतीत माप स्थिरही राहत नाही. त्याची जाडी असते ती आत कोंडलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांची. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो व बुडबुडे निम्मे आकसतात. किनाऱ्यावर घट्ट बसलेला बूट म्हणूनच तीस मीटरवर सैल असतो, आणि सैल बुटात टाच वरखाली सरकून घासते. शेकडो बुड्यांनंतर ते बुडबुडे फुटून मोजा कायमचा चपटा होतो. अशा वेळी नाडी घट्ट आवळणे हा उपाय अर्धाच. पाय आवळला गेला की रक्त कमी पोहोचते आणि कोरडा पायही गारठतो. आत एक जाड पायमोजा अधिक घालावा, हे बरे.

वाढलेली नखे, बुटाच्या आतली खरखरीत शिवण, बुटाशिवाय चार पावले चालण्याची सवय, ही कारणे सांगितल्याबरोबर समजण्यासारखी आहेत. लॅटेक्सचे शत्रू वेगळे: ऊन, तेल आणि हवेतला ओझोन. उन्हात वाळत घातलेला लॅटेक्स आधी चिकट होतो, मग ठिसूळ, आणि ताणताच फाटतो. तो सावलीत वाळवून त्याला साधी बिनवासाची शंखजिऱ्याची पूड लावून ठेवावी.

छिद्र सापडल्यावर दुरुस्ती घरच्या घरी होते. मोजा आतबाहेर पूर्ण वाळवावा, जागा स्पिरिटने पुसावी आणि युरेथेन जातीच्या लवचीक गोंदाचा पातळ थर देऊन निदान एक दिवस हात लावू नये. लॅटेक्सला सायकलच्या ट्यूबप्रमाणे रबरी ठिगळ चालते. गोंद जाड थापला तर तेथे कठीण गाठ होते आणि तिच्याच कडेला नवे छिद्र पडते. आणि घासण्याचे मूळ कारण दूर केले नसेल, तर ठिगळाशेजारी दुसरे छिद्र पडावयास फार दिवस लागत नाहीत. तळवा सर्वत्र पाझरू लागला की ठिगळांचा नाद सोडून मोजेच बदलावेत. कारखानदार व दुरुस्तीवाले घोट्याशी जुने कापून नवे चिकटवून देतात. पोशाख टाकून देण्याचे कारण नाही. मात्र नवा मोजा आला की जुना बूट आधी घालून पाहावा. दबून चपटा झालेल्या मोज्याच्या मापाने घेतलेला बूट नव्या, फुगीर मोज्याला आखूड पडतो, आणि अंगठ्याच्या शिवणीवर ताण पहिल्या दिवसापासून येऊ लागतो.