डाउनस्विंगचे प्रतल बदलते, आणि बदलायलाच हवे

गोल्फ शिकणाऱ्यांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो: क्लब ज्या तिरप्या प्रतलातून वर नेला, त्याच प्रतलातून तो खाली आला पाहिजे; वाट बदलली की फटका बिघडलाच. या समजाला गोल्फपटू बेन होगनच्या १९५७ सालच्या पुस्तकाचा आधार दिला जातो. खांद्यांवरून चेंडूपर्यंत उतरणाऱ्या काचेचे त्यातले चित्र सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण डाउनस्विंगचे प्रतल वेगळे, अधिक आडवे असते आणि त्याचा रोख लक्ष्याच्या किंचित उजवीकडे असतो, असे होगननेच तिथे लिहिले आहे. क्रिकेटची बॅट हाती घेऊन वाढलेल्या मुलाला तर हे परके वाटू नये. डॉन ब्रॅडमनची बॅट मागे जाताना स्लिप-गलीच्या दिशेने जाई आणि वळसा घेऊन चेंडूवर येई. तरी त्यांची कसोटीतली फलंदाजीची सरासरी ९९.९४ होती.

प्रतल बदलण्याचे कारण शरीराच्या हालचालींच्या क्रमात आहे. चांगल्या डाउनस्विंगची सुरुवात पाय आणि कंबर करतात. तेव्हा क्लबचे डोके जडत्वामुळे मागे रेंगाळते, उजवे कोपर बरगड्यांजवळ उतरते आणि शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, आडवा होतो. खांदे आणि हात आधी बाहेर झेपावले, तर शाफ्ट उभा होतो, क्लब बाहेरून आत येत चेंडू कापतो. नवशिक्यांचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, बहुधा इथलाच. म्हणजे दोन्ही वेळा प्रतल बदललेलेच असते, फरक दिशेचा असतो. शिवाय चेंडूला लागताना हात उभे राहतानाच्या जागेपेक्षा बहुधा थोडे उंच असतात, त्यामुळे शाफ्ट सुरुवातीच्या कोनात तंतोतंत परतण्याची अपेक्षाही चुकीची आहे.

यावर आक्षेप येतो की एकाच प्रतलाचा स्विंग सोपा, कारण त्यात बिघडण्याजोगे कमी. हा आक्षेप खोटा नाही. ब्रायसन डीशॅम्बोने त्याच विचाराने स्विंग घडवला आणि २०२० व २०२४ची यूएस ओपन जिंकली. पण वरून मोठा वळसा घेऊन उतरणाऱ्या जिम फ्युरिकनेही २००३ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ फटक्यांची फेरी खेळली. दोघांत समान आहे ती चेंडूजवळची शिस्त. रडारवर चालणाऱ्या मोजणी-यंत्रांनी हेही दाखवले की चेंडू निघण्याची दिशा मुख्यतः क्लबचा फेस ठरवतो, स्विंगची वाट नव्हे. आयर्नमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश, ड्रायव्हरमध्ये त्याहून जास्त. म्हणूनच मनगटे मुरडून शाफ्ट मुद्दाम आडवा पाडण्याची सध्याची हौस मला घातक वाटते: फेस उघडा राहिला तर चेंडू उजवीकडेच जाणार, आणि क्लब चेंडूआधी जमिनीत रुतण्याचा धोका वेगळाच.

तेव्हा मागून मोबाईलवर स्विंग टिपा, पण रेघा ओढण्याआधी चेंडू कुठे निघाला आणि कुठे वळला ते पाहा. तो सरळ जात असेल, तर वरच्या वळशाला हात लावू नका.