बेसच्या नेकमधला बाक

बेस गिटारच्या नेककडे टोकावरून, एक डोळा मिटून पाहिलं तर ती सरळ दिसते. पण ती सरळ नसते, आणि नसावीच. नीट सेटअप केलेल्या बेसची नेक मध्यावर किंचित खोलगट असते. किती? बहुतेक फेंडर बेससाठी कंपनी सुमारे ०.३ मिलिमीटर सांगते, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. नेकवरच्या आडव्या धातूपट्ट्या म्हणजे फ्रेट; पहिल्या फ्रेटपासून विसाव्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे ५४ सेंटिमीटर. एवढ्या लांबीत ०.३ मिलिमीटरचा बाक कोणत्या वर्तुळाचा तुकडा असेल, हे गणित एकदा करून पाहा. उत्तर येतं, सुमारे २४५ मीटर व्यासाचं वर्तुळ! बोरिवलीच्या फलाटाला लागलेली बारा डब्यांची लोकल साधारण तेवढीच लांब असते. एवढ्या वर्तुळाच्या परिघाचा हातभर तुकडा वादकाच्या डाव्या तळव्यात मावलेला असतो.

हा बाक हवा कशाला, याचं उत्तर तारेच्या हालचालीत आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा हेलकावते. दोन्ही टोकांशी तिला हलायला वाव नसतो आणि मध्ये ती सर्वांत रुंद झुलते. खालची लाकडी पट्टी अगदी सपाट असेल, तर झुलणारी तार मधल्या फ्रेटना घासते आणि सुराबरोबर खर्र ऐकू येतं. नेक थोडी खोल गेली की तारेला झुलायला जागा मिळते.

आणि नेकला वाकवतं कोण? ताराच! चार तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलो भरतो, एखाद्या धडधाकट माणसाच्या वजनाएवढा. हा ताण लाकूड वर्षानुवर्षं पुढे ओढत राहतो. त्याला उलटा जोर द्यायला नेकच्या पोटात पोलादी ट्रस रॉड बसवलेला असतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूने अशा फिरवता येणाऱ्या रॉडच्या पेटंटसाठी १९२१ मध्ये अर्ज केला, ते १९२३ मध्ये मिळालं. लिओ फेंडरचा ३४ इंची तारांचा प्रिसिजन बेस बाजारात आला तो त्यानंतर, १९५१ मध्ये. या रॉडच्या टोकाच्या नटाला पाव फेरा दिला की ७०-८० किलोंच्या ओढीचा तोल बदलतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

इथे दोन गोष्टींची गल्लत फार होते. तारा उंच वाटल्या की लोक थेट ट्रस रॉड पिळतात. रॉडचं काम फक्त बाक ठरवणं. तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, ठरते ब्रिजवरच्या सॅडलने. आधी तारा सुरात लावायच्या, कारण ताण बदलला की बाकही बदलतो. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची. दाबलेली तार हीच आपली फूटपट्टी. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट मोजायची, गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात त्याच फीलर गेजने. बाक जमल्यावर सॅडलला हात घालायचा. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर, ही चांगली सुरुवात आहे. त्याहून फार उंच ठेवली तर तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. जोरात वाजवणाऱ्याने मात्र थोडी उंची राखावी.

मुंबईत हे एकदा करून भागत नाही. जुलैत उपनगरांतल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकूड ती ओल पितं, आणि हिवाळ्यात कोरड्या वाऱ्यात सोडतं. अंधेरीच्या एसी जॅमरूममधला बेस नवरात्रात बोरिवलीच्या उघड्या मैदानावर जातो, तेव्हाही हेच घडतं. कोणती नेक कुठे झुकेल, हे तिच्या लाकडावर आणि त्याच्या रेषांवर अवलंबून असतं. म्हणून मोजावंच लागतं.

याच महाराष्ट्रात मिरजेचे तंबोरा करणारे कारागीर नेमका उलटा हिशेब करतात. बेसमध्ये वळण असतं तार कुठेही टेकू नये म्हणून. तंबोऱ्याच्या घोडीचं वळण असतं ती हळूच टेकावी म्हणून. त्या स्पर्शातूनच जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा झंकार, उमलते. सी. व्ही. रामन यांनी मॅकह्यूच्या अर्जाच्याच वर्षी, १९२१ मध्ये, यावर लिहिलं: तार ज्या जागी छेडली असता एखादा उपस्वर नियमाने उमटूच नये, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो ऐकू येतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एका वाद्यात टाळायचा तो स्पर्श दुसऱ्यात कमवायचा, आणि दोन्हीकडे कारागिराची कसोटी मिलिमीटरच्या अंशांवर.

तुमच्याकडे बेस असेल, तर पाऊस स्थिरावल्यावर एकदा आणि ऑक्टोबर सरताना एकदा फट मोजा. नट एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. पुन्हा सुरात लावा, थोडं थांबा, पुन्हा मोजा. नट अडला तर मात्र जोर लावू नका, कारागिराकडे न्या. रॉड तुटला तर तो बदलायला बहुतेक वेळा फ्रेटबोर्ड उखडावा लागतो.