ओसरी, पार आणि दांड्याचा बाक

बाक कशासाठी असतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बसायला असतो, हे उघडच आहे. पण अलीकडे बसवलेले सार्वजनिक बाक जरा निरखून पाहिले, तर पुष्कळांच्या मधोमध एक लोखंडी दांडा आडवा आलेला दिसतो. हात टेकायला तो दोन्ही टोकांना असता तर समजण्यासारखे होते. मधल्या दांड्याचे काम एकच: बाकावर कोणी आडवे होऊ नये. तिथे पाटी लावलेली नसते, कोणी दरडावायला येत नाही. लोखंडच सांगते, ‘बस आणि नीघ.’

जगभर या प्रकाराला ‘होस्टाइल आर्किटेक्चर’ म्हणतात. मराठीत त्याला अजून रुळलेला शब्द नाही. मी त्याला ‘हुसकावणारी रचना’ म्हणतो. ज्या रचनेचा खरा हेतू सोय देणे हा नसून विशिष्ट माणसांची सोय काढून घेणे हा असतो, ती हुसकावणारी रचना. तिची खूण अशी, की ज्याला घर आहे त्याला ती दिसतही नाही. दहा मिनिटे एसटीची वाट पाहणाऱ्याला मधला दांडा टोचत नाही. ज्याला रात्र काढायची आहे, त्यालाच तो कळतो.

तालुक्याच्या कुठल्याही गावी फेरफटका मारला तरी याचे नमुने सापडतात. दुकानाच्या पायरीवर रात्री जळके ऑइल फासतात किंवा बादलीभर पाणी ओततात. ओट्याच्या कडेला टोकदार दगड सिमेंटमध्ये बसवतात. कुंपणाच्या भिंतीवर काचा, तर भिंतीला देवांच्या चित्रांच्या फरश्या. या फरश्या लघवी करणाऱ्यांना रोखण्यासाठी असतात हे सगळ्यांना माहीत असते. पण जवळपास मुतारी आहे का, हे विचारणारा क्वचितच भेटतो. हुसकावणाऱ्या रचनेचा सगळा हिशेब इथे दिसतो. गरज तशीच राहते, फक्त गरजवंत पुढच्या गल्लीत जातो.

लंडन ते फोर्ट

हे केवळ आपल्याकडचे नाही. माइक डेव्हिस या अमेरिकन लेखकाने १९९० साली ‘सिटी ऑफ क्वार्ट्झ’ या पुस्तकात लॉस एंजेलिसच्या बसथांब्यांवरील गोलाकार पिंपासारख्या बाकांचे वर्णन केले. त्यावर बसता येते, झोपले तर घसरायला होते. लंडनच्या कॅम्डेन भागात २०१२ मध्ये कॉंक्रीटचा असा बाक आला, की त्याच्या उतरत्या पृष्ठभागावर ना झोपता येते ना काही ठेवता येते. २०१४ मध्ये लंडनमधल्याच एका निवासी इमारतीच्या दाराशी धातूचे खिळे ठोकलेले आढळले आणि लोकांच्या संतापामुळे ते काढावे लागले.

मुंबईने हेच मार्च २०१८ मध्ये पाहिले. फोर्टमधल्या एचडीएफसी बँकेच्या शाखेबाहेरच्या कट्ट्यावर टोकदार खिळ्यांच्या रांगा बसवल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरले. टीका झाली आणि खिळे काढले गेले. खिळे निघाले म्हणून आपण समाधान मानले. पण त्या कट्ट्यावर टेकणारा माणूस रात्री जातो कुठे, हा प्रश्न खिळ्यांबरोबरच बातमीतून निघून गेला. खिळा दिसतो म्हणून त्याचा राग येतो. मधला दांडा सभ्य दिसतो, म्हणून तो टिकतो.

जुनी जागा आणि तिची मर्यादा

आपल्या गावांच्या बांधणीत परक्यासाठी जागा होती. घराला ओसरी, देवळाला सभामंडप, वडा-पिंपळाला पार, वाटेवर धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा उभारल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण म्हणून जुने सारे गोड होते असे मानायचे कारण नाही. ओसरीवर कोणी बसायचे आणि अंगणाबाहेर कोणी उभे राहायचे, हे जात ठरवत असे. ज्यांना अस्पृश्य मानले, त्या वारकऱ्यांना पंढरपुरात उतरायला जागा मिळत नसे. म्हणून गाडगेबाबांना तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली, आणि पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. हुसकावणारी रचना आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो असे म्हणता येणार नाही. आपल्याकडे ती दगडा-लोखंडाआधी रिवाजात होती.

पालखीचा रस्ता

बारामती आणि इंदापूर हे तालुके या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहेत, कारण संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग इथून जातो. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत सोहळा अकलूजकडे जातो. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिवसांत शाळा, मंगल कार्यालये, देवळे, दुकानांच्या पायऱ्या आणि लोकांच्या घरचे हॉलसुद्धा उघडे होतात. अनोळखी माणसे रस्त्याकडेला पथारी टाकून झोपतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. उलट चहा, पिठले-भाकरी, पायाला तेल, औषधाच्या गोळ्या घेऊन गावच त्यांना शोधत येते.

याचा अर्थ असा, की जागा नाही ही सबब खरी नाही. हजारो माणसे एका रात्रीत सामावून घेण्याची ताकद आणि माया या गावांत आहे. मग एरवीच्या रात्री त्याच पायरीवर एकटी म्हातारी झोपली तर अडचण का होते? माझ्या मते कारण दुहेरी आहे. वारकरी कोण आहे हे आपल्याला ठाऊक असते, आणि तो उद्या जाणार हेही ठाऊक असते. फिरस्त्याबद्दल यातले काहीच ठाऊक नसते. आपले आदरातिथ्य जाणाऱ्यासाठी आहे, राहणाऱ्यासाठी नाही.

दुसरी माणसे दर हंगामात येतात. निरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला, पुढे साखर कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि बिजवडी इथल्या कारखान्यांच्या परिसरात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत पाचटाच्या कोपीत संसार. त्यांना बेघर कोणी म्हणत नाही, कारण गावाकडे त्यांचे घर असते. वर्षातले पाच-सहा महिने मात्र ते घर कुलूपबंद असते आणि कोपीला ना दार असते ना संडास. या माणसांना आपण हुसकावत नाही, कारण त्यांच्या हातांची गरज असते. जागा देण्यामागे माया असते तशी गरजही असते, हे यावरून कळते.

कायद्यातले खिळे

रचनेतला दांडा डोळ्यांना दिसतो. कायद्यातला दांडा दिसत नाही. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा भिकाऱ्याची जी व्याख्या करतो, तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा काही विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणेही येते. वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाले, डोंबारी यांच्यावर दिवाळी अंकांत आपण आस्थेने लेख छापतो. कायद्याच्या अक्षराने पाहिले तर ते सारे भिकारी ठरू शकतात. पुढे जाऊन, निर्वाहाचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावरूनही माणसाला धरता येते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा पुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ज्या राज्यात हा कायदा जन्मला, तिथे तो उभा आहे.

भटक्या-विमुक्तांसाठी हे नवे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात डांबले. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या ‘विमुक्त’ झाल्या. गावाबाहेर पाल पडले की आजही पहिला प्रश्न चोरीचा निघतो, इतके ते कुंपण मनात घट्ट आहे.

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हुसकावण्याचे आदेश निघाले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायला परवानगीही दिली. तत्त्व जिंकले, फुटपाथ हरला.

लहान गावाचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशात सुमारे १७ लाख ७० हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक बेघर नोंदले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायमचा निवारा हवा. हा हिशेब महानगरांना धरून केलेला आहे. त्या जनगणनेत बारामती शहराची लोकसंख्या लाखाच्या बरीच खाली होती आणि इंदापूरची त्याहूनही कमी. लाखाच्या मापाने मोजले की अशा गावांच्या वाट्याला अपूर्णांक येतो, आणि अपूर्णांकात निवारा बांधला जात नाही.

म्हणून लहान गावाने आपले माप वेगळे धरावे. दहा खाटांची खोली, संडास, पाण्याचा नळ, बायकांसाठी आडोसा आणि रात्री एक माणूस, एवढे पुरे आहे. मंगल कार्यालये आणि शाळा उघडून पालखीला जागा देणाऱ्या गावाला हे अवघड नाही. रस्त्यावर भरकटलेला मनोरुग्ण दिसला, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला संरक्षण देणे आणि चोवीस तासांच्या आत दवाखान्यात नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. हे ठाण्याला आणि नागरिकांनाही माहीत असले, तर एखाद्याचा जीव वाचतो. आणि नवा बाक बसवायचा ठराव जेव्हा नगरपरिषदेपुढे येईल, तेव्हा एखाद्या सदस्याने एवढेच विचारावे: मधला दांडा कोणासाठी आहे?

याला विरोध होईल, आणि तो सगळा खोटा नसेल. पायरीवर दारू पिऊन पडणारे असतात, घाण होते, सकाळी दुकान उघडणाऱ्याला ती धुवावी लागते. त्याचा त्रास खरा आहे. पण दुकानदाराने ऑइल फासून जो प्रश्न शेजारच्या पायरीवर ढकलला, तो शेजाऱ्याने पुढे ढकलला, तर शेवटी तो रेल्वेच्या रुळांजवळ किंवा कालव्याच्या भरावावर जाऊन थांबतो. तिथे त्याला नाव उरत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘अनोळखी इसम’ एवढीच त्याची दोन ओळींची नोंद उरते.