गिअरबॉक्सला चढ दिसत नाही

अमेरिकेत इंटरस्टेट ७० या महामार्गावरून कॅन्सस राज्य ओलांडताना चढ असा दिसतच नाही. दोन्ही अंगांना शेतं, नाकासमोर रस्ता, ताशी ७५ मैलांची वेगमर्यादा. प्रत्यक्षात पूर्वेच्या टोकाला हजार फुटांच्या आत असलेली ही जमीन कोलोरॅडोच्या हद्दीशी पोचेपर्यंत चार हजार फुटांच्या आसपास गेलेली असते. त्यात समोरून वारा. पिकअप ट्रकचा ड्रायव्हर क्रूझ कंट्रोल लावून पाय मोकळे करून बसलेला असतो आणि मध्येच इंजिनाचा आवाज चढतो. टॅकोमीटरचा काटा मिनिटाला १,८०० फेऱ्यांवरून २,४०० च्या पुढे उडी मारतो आणि थोड्या वेळाने मुकाट खाली येतो. मैलभर गेलं की पुन्हा तेच. रस्त्यात काही आलं नाही, कुणी पाय दाबला नाही, मग गिअर कुणी टाकला आणि का?

पिंपरीत गिअरबॉक्सच्या टेस्ट बेंचवर माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे या प्रश्नाचं मला जरा जास्तच वेड आहे. घरचे सांगतात की परदेशी गेले तरी मी डोंगर न बघता टॅकोमीटर बघते. त्यात खोटं काही नाही.

पिकअप म्हणजे इथे मंडईत पहाटे कांद्याची पोती उतरवणारी गाडी नव्हे. दोन-सव्वादोन टन वजन, तीनशेच्या पुढे हॉर्सपॉवर, मागे बोट नाहीतर कॅम्पर जोडायचा हुक, आणि एरवी त्यातूनच मुलांना शाळेत सोडायचं. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. रिकामी गाडी आणि चार टन ओढणारी गाडी ही एकच गाडी असते आणि तिचा गिअरबॉक्सही एकच. अडचण तिथेच सुरू होते.

आजचा गिअरबॉक्स कॉम्प्युटरवर चालतो, पण त्याचं डोकं कसं चालतं ते समजायला जुना, निव्वळ तेलावर चालणारा गिअरबॉक्स बघावा. डेन्व्हरमधल्या एका ट्रान्समिशन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मला जुनी व्हॉल्व्ह बॉडी हातात घेऊन बघायला मिळाली. ॲल्युमिनियमची जाडजूड पाटी, तिच्यात वाकडेतिकडे कोरलेले शेकडो पाट, मधूनमधून स्टीलच्या बारीक गोळ्या आणि स्प्रिंगवर सरकणारे दट्टे. गिअर कधी बदलायचा हा निर्णय या पाटांतून वाहणारं तेल घेत असे. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक गव्हर्नर असतो. गाडीचा वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढतो. हा झाला वेगाचा दाब. दुसरा दाब ॲक्सिलरेटरवरच्या पायाचा. जितका पाय खाली तितका तो जास्त. हे दोन दाब एकाच दट्ट्याला दोन बाजूंनी ढकलतात. वेगाने बाजी मारली की दट्टा सरकतो, तेल पुढच्या क्लचला जातं, वरचा गिअर पडतो. पायाने बाजी मारली की खालचा. विजेची तार नाही, चिप नाही, आणि तरी लक्षावधी गाड्या यावर धावल्या. मला अजूनही यापेक्षा देखणं यंत्र माहीत नाही.

यातली खरी हुशारी पुढे आहे. गिअर ज्या वेगाला वर जातो त्याच वेगाला खाली येत नाही. समजा ४५ मैलांना वर गेला, तर खाली यायला वेग ३८ पर्यंत उतरावा लागतो. मधली ही सात मैलांची फट मुद्दाम ठेवलेली असते. नाहीतर ४५ च्या आसपास चालणारी गाडी वर-खाली करत राहिली असती. १९९० च्या दशकात तेलाची जागा कॉम्प्युटरने घेतली, पण त्याच्या पोटातला नकाशा मुळात तोच राहिला. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर पाय, वर जायची एक रेघ, खाली यायची दुसरी आणि मध्ये फट.

आता कॅन्ससमध्ये परत या. वरच्या गिअरमध्ये इंजिन संथ फिरतंय, त्याच्याकडे राखीव ताकद फारशी नाही. वारा वाढला. माझ्या ढोबळ हिशेबाने सपाटीवर ७५ मैलांना रिकाम्या पिकअपला पन्नासेक हॉर्सपॉवर पुरतात. समोरून २० मैलांचा वारा आला की पाऊणशेच्या वर लागतात. क्रूझ कंट्रोल हट्टी, त्याला ७५ म्हणजे ७५ च हवेत. तो ॲक्सिलरेटर उघडत जातो, खाली यायची रेघ ओलांडली जाते, खालचा गिअर पडतो. पण खालच्या गिअरमध्ये तोच वेग राखायला पाय कमी पुरतो, म्हणून क्रूझ सोडत येतो आणि आता वर जायची रेघ ओलांडली जाते. वरचा गिअर पडला की गाडी पुन्हा दम खाते. म्हणजे वरच्या गिअरला ताकद पुरत नाही, खालच्याला उरते, आणि मधली फट दोघांना सामावून घ्यायला अपुरी पडते. तिथले लोक याला हंटिंग म्हणतात. ही बिघाडाची खूण नव्हे. गिअरबॉक्स बिचारा नियम तंतोतंत पाळत असतो. पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही, एवढंच.

इतिहास थोडक्यात उरकते. १९०५ मध्ये हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने जहाजांसाठी तेलातून ताकद पोचवायची युक्ती काढली. जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन यांच्या चमूने हायड्रामॅटिक घडवला आणि १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये तो आला. युद्धात तो रणगाड्यांत बसला. १२ ऑगस्ट १९५३ ला लिव्होनियाचा हायड्रामॅटिक कारखाना जळून खाक झाला, तेव्हा कंपनीने जिथे युद्धकाळात बी-२४ बॉम्बर बनत तो विलो रनचा कारखाना घेऊन उत्पादन सुरू केलं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मायलेजची चिंता आली, तिच्यापाठोपाठ ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन संथ ठेवणारा वरचा गिअर आला, आणि मग चाराचे सहा, सहाचे आठ. फोर्ड आणि जनरल मोटर्स हे हाडवैरी २०१३ मध्ये एकत्र बसले आणि त्यांचा दहा गिअरांचा गिअरबॉक्स २०१७ च्या एफ-१५० मध्ये उतरला. झालं.

आता माझा लाडका भाग, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसणारा टॉर्क कन्व्हर्टर. पुस्तकांत दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून समजावतात: एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. हे अर्धंच खरं आहे. दोन पंख्यांतून टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पलीकडे जातो, पण वाढत नाही. वाढवतो तो मधला स्टेटर. परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून तो ते इंजिनाच्याच फिरण्याच्या बाजूला ढकलतो, म्हणून गाडी जागची हलताना टॉर्क दुपटीच्या आसपास जातो. वेग आला की ही करामत संपते. उरते ती घसर. इंजिनाचे फेरे थोडे जास्त, पलीकडचे थोडे कमी, आणि मधला फरक तेल तापवण्यात जातो. ३०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि २०० फेऱ्यांची घसर धरली तर सहा किलोवॅटच्या वर उष्णता निव्वळ तेलात. म्हणून कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच बसवला. हायवेच्या वेगाला तो मिटतो आणि इंजिन व गिअरबॉक्स एकजीव फिरतात. हे लॉकअप. पॅकार्ड कंपनीने ते १९४९ मध्येच केलं होतं, पण तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं आणि कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. १९७८ मध्ये क्रायस्लरने ते पुन्हा आणलं, तेव्हा सगळ्यांना ते हवंसं झालं.

गंमत अशी, की हायवेवर लोकांना गिअर बदलल्यासारखं जे वाटतं त्यात बऱ्याचदा गिअर बदललेलाच नसतो. लॉकअप सुटलं की फेरे दोन-तीनशेंनी वाढतात, मिटलं की उतरतात. चार गिअरांची गाडी चालवणारा म्हणूनच छातीठोक सांगतो की आपल्या गाडीला पाच गिअर आहेत. आणखी आतली गोष्ट म्हणजे आताच्या गाड्यांत हा क्लच पुष्कळदा पूर्ण मिटतही नाही. संथ इंजिनाची थरथर, त्यातून निम्मे सिलिंडर बंद ठेवून चालणाऱ्या व्ही-८ ची थरथर, आत बसलेल्यांना जाणवू नये म्हणून तो काही फेऱ्यांची घसर मुद्दाम राखतो. तेल खराब झालं की ही नाजूक घसर बिघडते, क्लच धरतो-सोडतो, आणि गाडी रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरते. लोक चाकं बॅलन्स करून घेतात, टायर बदलतात. नवं तेल घालावं हे सगळ्यात शेवटी सुचतं.

दहा गिअर कशाला, असं मीही नाक मुरडलं होतं. आकडे बघितल्यावर मत थोडं बदललं. जनरल मोटर्सच्या जुन्या ४एल६०-ई गिअरबॉक्समध्ये चौथ्याचं प्रमाण (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) ०.७० च्या जवळ, तिसऱ्याचं १.००, दुसऱ्याचं १.६३. ताशी ६५ मैलांना नेहमीच्या मापाचे टायर आणि ३.४२ प्रमाणाचा ॲक्सल धरला तर इंजिन चौथ्यात सुमारे १,७०० फेरे, तिसऱ्यात २,४०० आणि दुसऱ्यात एकदम ३,९०० फेरे घेतं. तिसरा पुरेना आणि दुसरा सोसवेना, अशी गत. फोर्डच्या दहा गिअरांत दहाव्याचं प्रमाण ०.६३६, सातव्याचं बरोबर १ आणि पहिल्याचं ४.६९६. त्याच वेगाला ३.५५ च्या ॲक्सलवर दहाव्यात १,६००, आठव्यात २,१००, सातव्यात २,५००, सहाव्यात ३,२००, पाचव्यात ३,८००. पायऱ्या इतक्या जवळजवळ की गाडी हवा तो गिअर गाठते, आणि गरज पडली तर मधले टाळून थेट उडी मारते. तरी माझं एक म्हणणं कायम आहे. जास्त गिअर म्हणजे चुकायच्या जागाही जास्त. हंटिंग संपलं नाही, फक्त त्याचे धक्के बारीक झाले.

याची खरी परीक्षा डोंगरात. ॲरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस डॅमचा चढ अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांची परीक्षाच घेतो. एसएई या इंजिनिअरांच्या संघटनेच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलर ओढत अकरा-साडेअकरा मैलांचा हा चढ चढायचा. मागे दोनच चाकं असलेल्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. ‘आमचा ट्रक इतकं ओढतो’ अशा जाहिराती पूर्वी ज्याने-त्याने आपल्या मापाने केल्या. या मानकाने त्याला चाप बसला, आणि ते आधी स्वीकारलं टोयोटाने, डेट्रॉइटच्या कुणी नव्हे.

मी बघितला तो दुसरा चढ, इंटरस्टेट ७० वरचाच, पण कोलोरॅडोतला. सिल्व्हरथॉर्नपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत आठेक मैल, ठिकठिकाणी ७ टक्के चढ, आणि वरच्या तोंडाशी उंची ११,१५८ फूट. डेन्व्हरला राहणारा माझा मावसभाऊ कॅम्पर जोडून निघाला होता. मी शेजारी, नजर टॅकोमीटरवर.

‘ताई, तू सुट्टीवर आलीयेस की इन्स्पेक्शनला?’

‘तू टो-हॉल का नाही दाबलंस?’

‘लागेल तेव्हा दाबतो की.’

‘लागल्यावर दाबून काय उपयोग? आत्ता दाब.’

त्याने दाबलं, बहुधा माझं तोंड बंद करायला. सहा टनांची गाडी-जोडी ७ टक्के चढावर ६० मैलांनी न्यायची तर निव्वळ वर उचलायलाच दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर लागतात. वारा आणि टायरांचं वेगळं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळजवळ तीस टक्के ताकद गेलेली असते. टो-हॉल बटण या अवस्थेत काय करतं? इंजिनाची ताकद वाढवत नाही. वर जायची रेघ पुढे सरकवतं, फट रुंद करतं, लॉकअप लवकर मिटवून तेल थंड ठेवतं. थोडक्यात, वरच्या गिअरचा मोह आवरतं. गाडी पाचव्यात ठाण मांडून बसली आणि बोगद्यापर्यंत हलली नाही. आवाज मोठा होता. भावाला वाटलं इंजिन तुटणार. मला तो सूर फार आवडला.

बोगद्यापलीकडे जॉर्जटाउनकडे लांबच लांब उतार. या महामार्गाच्या उतारांवर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे सुटका-रस्ते बांधलेले आहेत. इथे तेच बटण उलटं काम करतं. ब्रेकला जरा पाय लागला की गिअर एकेक खाली येतो आणि इंजिन गाडीला मागे धरतं. खंबाटकीत किंवा जुन्या बोरघाटात ट्रक चालवणाऱ्या कुणालाही हे कळलं असतं: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्याकडच्या क्लीनरलाही पाठ असलेला नियम. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे पुढे तापलेल्या ब्रेकचा वास घेत कडेला थांबलेले दिसतात. अमेरिकन ड्रायव्हरने मात्र हा नियम यंत्राच्या हवाली केला आणि पुढे तो नियमच विसरला, असं मला तिथल्या गप्पांत वारंवार जाणवलं.

गिअरबॉक्सला डोळे द्यायचे प्रयत्न झाले आहेत. रोल्स-रॉइसने २०१३ च्या रेथमध्ये उपग्रहाच्या मदतीने पुढचा रस्ता ओळखून गिअर निवडणारी व्यवस्था आणली. व्होल्वो, स्कॅनिया, डेमलर यांच्या अवजड ट्रकांना नकाशावरून टेकडी कळते. चढाच्या आधी ते वेग घेऊन ठेवतात, माथा जवळ आला की गिअर बदलत नाहीत आणि उताराला सोडतात. चाळीस टन ओढणाऱ्याला डिझेलचा हिशेब रोज करावा लागतो, म्हणून तिथे हे आधी आलं.

तोवर पिकअपवाल्याच्या हाती दोन गोष्टी आहेत. कॅन्ससच्या वाऱ्यात क्रूझ पाच मैलांनी खाली आणायचा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच हंटिंग थांबतं. आणि चढ दिसला की गाडी दम खायच्या आत लिव्हरवरचं वजा चिन्हाचं बटण दाबून गिअर आपणच उतरवायचा. बऱ्याच मालकांनी ते बटण कधी दाबलेलंच नसतं. माझ्या भावाने परतीच्या वाटेवर दाबलं, मला न विचारता, आणि मग सातव्यात गाडी किती फेरे घेतेय ते मला वाचून दाखवायला लागला.